पावसाचा भरवसा आणि पाण्याचे नियोजन

(वर्धापन महोत्सवानिमित्त महाजन सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवातील व्याख्यानासाठी समितीने मला पाचारण केले, हा मी श्रींचा प्रसाद समजतो. अशा प्रसंगी श्रोत्यांची अपेक्षा कीर्तनाची किंवा पुराणकथेची असते, आणि पाणीपुरवठ्याच्या नियोजनासारखा रुक्ष विषय देवालयाच्या सभामंडपात कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असल्यास नवल नाही. परंतु सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी आपापली दैवते घेऊन नदी ओलांडली आणि अंत्रुज महालात नव्याने देवालये उभारली, तेव्हा त्यांनी निवडलेल्या जागा आठवा. डोंगराच्या पायथ्याशी झर, झरीच्या पाण्यावर तळी, तळीच्या पाटावर कुळागर, ही रचना आपल्या बहुतेक देवस्थानांत आजही दिसते. गाभाऱ्याच्या आधी पाणी पाहिले गेले, असे म्हणण्यास हरकत नाही. म्हणून पाण्याचा विचार महाजनांनी करावा यात परकेपणा काहीच नाही.

प्रथम एका विसंगतीकडे लक्ष वेधतो. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १२० इंच पाऊस पडतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर त्याचा विश्वास बसणार नाही. तरीही मे महिन्यात आपल्या कित्येक वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण पावसाच्या एकूण मापात नसून त्याच्या वेळापत्रकात आहे. वर्षाच्या पावसापैकी सुमारे नऊ-दशांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. आपल्या नद्या आखूड आणि उताराच्या. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी थोड्याच वेळात समुद्राला मिळते. डोंगरातील जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो खरा, पण ते फार काळ धरून ठेवीत नाही. तेव्हा आपल्या पाणीपुरवठ्याचा खरा प्रश्न असा आहे: सप्टेंबरअखेर हाती राहिलेले पाणी पुढचा पाऊस येईपर्यंत, म्हणजे आठ महिने, कसे पुरवावे?

आणि पुढचा पाऊस नेमका केव्हा येणार? केरळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख १ जून मानतात. २०२३ मध्ये ते ८ जूनला आले, २०२५ मध्ये २४ मे रोजीच आले. दोन तारखांमधील अंतर पंधरा दिवसांचे. ज्या जलाशयात मेअखेर तीन आठवड्यांचेच पाणी शिल्लक असते, त्याच्या दृष्टीने पंधरा दिवस ही किरकोळ बाब नव्हे. शिवाय त्याच २०२३ सालचा ऑगस्ट महिना देशभराचा विचार करता १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस उशिरा येणे, मध्येच दडी मारणे आणि मग एकदम कोसळणे हे प्रकार पूर्वीही होतेच. पण मध्य भारतातील १९५० ते २०१५ या काळातील नोंदींच्या अभ्यासातून असे आढळले आहे की, विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली आणि पेडणे भागात आलेला पूर अनेकांनी प्रत्यक्ष अनुभवला आहे.

आता नियोजक मंडळी पाण्याचा हिशेब कसा करतात, ते थोडक्यात सांगतो. नदीच्या प्रवाहाच्या जितक्या वर्षांच्या नोंदी उपलब्ध असतील तितक्या घेतात आणि सर्वांत भरघोस वर्षापासून सर्वांत तुटीच्या वर्षापर्यंत त्या उतरत्या क्रमाने मांडतात. समजा, चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत. त्यांतील तिसाव्या वर्षी जितके पाणी आले, त्याला ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी म्हणतात. याचा अर्थ चाळीसांपैकी तीस वर्षे निदान तेवढे पाणी मिळते आणि दहा वर्षे मिळत नाही. पाटबंधारे प्रकल्प साधारणतः या ७५ टक्क्यांवर आखले जातात. पिण्याच्या पाण्यासाठी याहून बरीच अधिक विश्वासार्हता धरतात, कारण पीक एखाद्या वर्षी बुडाले तर शेतकरी कसाबसा तग धरतो, पण पिण्यावाचून घर चालत नाही.

ही पद्धत चुकीची नाही. मात्र तिच्या पोटात दोन गृहीते दडलेली असतात, आणि ती आपण पारखून घेतली पाहिजेत. पहिले गृहीत असे की, आपण निवडलेली वर्षे नदीच्या स्वभावाचा खरा नमुना आहेत. दुसरे असे की, मागे जसे घडले तसेच पुढेही घडेल.

पहिल्या गृहीताचे उदाहरण आपल्या शेजारच्या कृष्णा नदीचे. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला. १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २०६० अब्ज घनफूट ठरविले आणि ते महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांत वाटून दिले. पुढे न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या लवादाने २०१० मध्ये १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा ७५ टक्क्यांचा आकडा २१७३ आला. त्यांनी वाटपासाठी ६५ टक्के विश्वासार्हताही विचारात घेतली, आणि ती धरली असता आकडा २२९३ झाला. नदी तीच, प्रदेश तोच. वर्षांची निवड, नोंदींची पद्धत आणि धोका पत्करण्याची तयारी बदलली की पाण्याचा आकडा बदलतो. बेळगाव, बागलकोट, विजापूर या भागांतून आलेल्या महाजनांना या आकड्यांमागे किती गावांचे भवितव्य असते, ते मी वेगळे सांगावयास नको.

आपल्या म्हादईचेही तेच. २०१० मध्ये स्थापन झालेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ अब्ज घनफूट पाणी नेमून दिले, आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. एवढेच निदर्शनास आणतो की, वर्षाचा एकूण आकडा हा हिशेबाचा एक भाग झाला. नदीच्या मुखाकडील लोकांना मार्च ते मे या महिन्यांत किती पाणी वाहते, हे त्याहून महत्त्वाचे असते. भरतीचे खारे पाणी मांडवीतून दूरवर आत शिरते. वरून येणारे गोडे पाणी कमी झाले की खारटपणा आणखी वर सरकतो. जुलैतील पुराचे पाणी कितीही असले तरी त्याने एप्रिलमधील खारटपणा हटत नाही.

दुसरे गृहीत फसल्याची उदाहरणे परदेशांत ठळकपणे पाहावयास मिळतात. अमेरिकेतील कोलोराडो नदीचे पाणी सात राज्यांनी १९२२ मध्ये एका कराराने वाटून घेतले. वरच्या आणि खालच्या खोऱ्यांना प्रत्येकी ७५ लक्ष एकर-फूट असा तो हिशेब होता. पुढे शास्त्रज्ञांनी त्या प्रदेशातील जुन्या झाडांच्या खोडांतील वार्षिक वलये तपासून कित्येक शतकांचा प्रवाह अजमावला. तेव्हा कळून आले की, कराराच्या आधीची वर्षे त्या सर्व काळातील विशेष ओल्या वर्षांपैकी होती. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे नदीची दीर्घकालीन सरासरी सुमारे १३५ लक्ष एकर-फूट निघाली, आणि कागदावर तर दोन खोऱ्यांचे मिळून १५० लक्ष वाटून झाले होते. मेक्सिकोचा वाटा त्याहून वेगळा. ही तूट अनेक दशके झाकली गेली, कारण सर्वांनी आपापला वाटा पुरता उचलला नव्हता आणि धरणांत जुना साठा होता. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये त्या नदीवरील मीड जलाशयात पाण्याचा तुटवडा असल्याचे पहिल्यांदाच अधिकृतपणे जाहीर करावे लागले.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराचे. तेथे १९७०च्या दशकाच्या मध्यापासून पाऊस साधारण १५ टक्क्यांनी घटला. ऐकताना ही घट मामुली वाटते. परंतु शहराच्या धरणांत येणारे पाणी, जे १९११ ते १९७४ या काळात वर्षाला सरासरी ३३८ अब्ज लिटर होते, ते पुढच्या पंचवीस वर्षांत १७७ अब्ज लिटरवर आले. म्हणजे पाऊस सातव्या हिश्शाने कमी झाला आणि धरणातील आवक निम्म्यावर आली. यातले कारण समजून घेण्यासारखे आहे. पावसाचे पाणी प्रथम तहानलेली जमीन पिते, मग झाडे पितात, मग काही भाग बाष्परूपाने उडून जातो. यांचे देणे आधी चुकते होते, आणि उरेल ते नदीला मिळते. उत्पन्न थोडे घटले आणि ठरलेले खर्च तसेच राहिले, तर शिल्लक फार घटते, हे कोणत्याही खजिनदाराला ठाऊक आहे. पर्थने २००६ मध्ये समुद्राच्या पाण्यातील मीठ काढण्याचा कारखाना उभारून मार्ग काढला. त्याला लागणारा पैसा व वीज मात्र प्रत्येक प्रदेशाला परवडेलच असे नाही.

आणखी एक अडचण अशी की, एकाच जलाशयाकडून आपण दोन परस्परविरोधी कामे मागतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची दाणादाण उडविली. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले, आणि त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर हे तलाव पूर्ण झाले. पूर अडवावा आणि शहराला पाणीही पुरवावे, असा त्यांचा दुहेरी उद्देश होता. पूर अडविण्यासाठी तलाव रिकामा हवा, पिण्यासाठी तो भरलेला हवा. पावसाचे वेळापत्रक ठरलेले असते तेव्हा हा तोल साधता येतो. ते बिघडले की धरणावरच्या अधिकाऱ्याची अवस्था कठीण होते. चेन्नई शहर डिसेंबर २०१५ मध्ये पुरात बुडाले आणि २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच शहराचे जलाशय कोरडे पडले. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ही सगळी स्थळे आपल्यापासून दूर नाहीत.

गोव्यात सध्या दक्षिणेकडील बहुतांश भाग साळावली धरणावर अवलंबून आहे. त्याचा एकूण साठा सुमारे २३.४ कोटी घनमीटर असून सामान्यतः प्रत्येक पावसाळ्यात ते भरून वाहते. खांडेपार नदीवरील ओपा येथील केंद्र फोंडा व तिसवाडी तालुक्यांना पाणी देते. तेथे मोठा साठा नाही, नदीच्या उन्हाळी प्रवाहावर आणि बंधाऱ्यांवरच भिस्त आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपार येथे जलवाहिनी फुटली, तेव्हा ऐन पावसाळ्यात पणजी आणि परिसर कित्येक दिवस पाण्यावाचून राहिला. बाहेर धो धो पाऊस आणि घरातला नळ कोरडा, हे दृश्य आपण पाहिले. एकाच वाटेवर विसंबलेली व्यवस्था पावसाच्या भरघोस वर्षातही कोलमडते, हा त्यातला बोध.

मग नियोजन कसे असावे? १९३३ सालच्या देवस्थान नियमावलीपासून आपण दरवर्षी अंदाजपत्रक करीत आलो आहोत. नारळांच्या पावणीत एखाद्या वर्षी चांगली रक्कम आली म्हणून आपण ती कायमची आवक धरून नवे खर्च बांधून घेत नाही. कायम निधीला हात लावण्यापूर्वी महाजन सभेची मंजुरी घेतो. हीच रीत पाण्याला लावावी. पावसाचा एकच सरासरी आकडा धरून योजना आखण्याऐवजी तिला निरनिराळ्या कसोट्यांवर घासून पाहावे. लागोपाठ दोन वर्षे तुटीची आली तर काय होईल? पाऊस तीन आठवडे उशिरा आला तर? दहा टक्के आणि वीस टक्के कमी पडला तर? एका दिवसात महिन्याचा पाऊस कोसळून गाळ आणि गढूळपणा वाढला तर? जी योजना एका कसोटीत पहिली येते, पण दुसरीत सपशेल नापास होते, तिच्यापेक्षा सर्व कसोट्यांत कशीबशी का होईना, पण उत्तीर्ण होणारी योजना अधिक चांगली. त्याचबरोबर नवी नोंद हाती येईल तसा दर पाच वर्षांनी हिशेब पुन्हा तपासावा, आणि मोठे बांधकाम शक्य तेथे टप्प्याटप्प्याने करावे, म्हणजे दिशा बदलण्यास वाव राहील.

दुसरी गोष्ट, काटकसरीचे नियम संकटापूर्वीच ठरलेले असावेत. जलाशयाची पातळी अमुक तारखेस अमुक खुणेखाली गेली की बागबगीचे बंद, त्याखाली गेली की बांधकामांचे पाणी बंद, हे आधी जाहीर असले म्हणजे ऐनवेळी वशिला चालत नाही. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहराने २०१५ पासून लागोपाठ तीन वर्षे दुष्काळ सोसला, आणि फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घालून नळ पूर्ण बंद पडण्याची वेळ टाळली. शहराने ते साधले, पण नियम आधीपासून कडक असते तर त्रास कमी झाला असता, हेही खरे.

तिसरी गोष्ट, मोठ्या धरणाबरोबर लहान साधनेही जिवंत ठेवावीत. विहीर, झर, तळी, ओहोळावरचे बंधारे यांना नळ आल्यावर आपण निवृत्त करून टाकले. यांतले कोणतेही एकटे गावाला पुरणार नाही. पण जलवाहिनी फुटते त्या आठवड्यात आणि पाऊस लांबतो त्या पंधरवड्यात तीच कामी येतात.

आता आपल्या घरचा प्रश्न. आपल्या संस्थानपुढे नव्या अग्रशाळेचा प्रस्ताव आहे, आणि देणगीदार महाजनांचा उत्साह पाहता ती लवकरच उभी राहील. या उत्साहाला विरोध करण्यासाठी मी उभा नाही. परंतु एक गोष्ट विचारात घ्यावी. मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार येथील कुटुंबे कुळदैवताच्या दर्शनाला विशेषकरून मे महिन्याच्या सुटीत येतात. म्हणजे झर सर्वांत क्षीण असते तेव्हाच माणसांची गर्दी सर्वांत अधिक असते. माणशी रोज १०० लिटर धरले तर शंभर पाहुण्यांना दिवसाला १०,००० लिटर पाणी लागेल. छपरावरचे पाणी साठवू, असे काही जण सुचवितात. सूचना उत्तम आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ५०० चौरस मीटरच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे १५ लक्ष लिटर. पण हे सगळे पावसाळ्यात येते, आणि पाहिजे असते मेमध्ये. एक लक्ष लिटरची टाकी बांधली तर तिच्यातले पाणी शंभर पाहुण्यांना दहाच दिवस पुरेल. बाकीचे पाणी धरून ठेवण्याचे काम डोंगराची उतरण, तिच्यावरची झाडी आणि झरीचा उगम हेच करू शकतात. ती उतरण सपाट करून वाहनतळ केला, तर टाकी कितीही मोठी बांधली तरी ती तूट भरून निघणार नाही.

म्हणून महाजन सभेपुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, संस्थानने आजपासून एक जलवही ठेवावी. अंगणात पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस, आणि दर पंधरवड्याला विहिरीची व तळीची पातळी तीत लिहावी. खर्च नाममात्र आहे, आणि वीस-पंचवीस वर्षांनी ही वही आपल्या गावाच्या पाण्याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा ठरेल. दुसरी, झरीच्या वरची देवस्थानची जमीन कोणत्याही कारणासाठी विकू, भाड्याने देऊ किंवा खणू नये, असा ठराव व्हावा. तिसरी, अग्रशाळेतील खोल्यांची संख्या देणग्यांवरून न ठरविता मेअखेरच्या पाण्यावरून ठरवावी. आज बारा खोल्या बांधून पुढे वहीतील नोंदी अनुकूल दिसल्यास आणखी बांधता येतील. बांधलेल्या खोल्यांना पाणी नाही म्हणून कुलूप लावणे मात्र देणगीदारालाही शोभणार नाही.

शेवटी कुर्डी गावाचे स्मरण करतो. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या नावातून सर्वांना परिचित झालेले हे गाव साळावली धरणासाठी पाण्याखाली गेले. तेथील प्राचीन महादेव मंदिराचे दगड एकेक करून सोडविण्यात आले आणि मंदिर धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती वर येतात, आणि विस्थापित ग्रामस्थ मे महिन्यात श्री सोमेश्वराच्या उत्सवासाठी तेथे जमतात. दक्षिण गोव्यातील प्रत्येक नळाच्या पाण्यात त्या कुटुंबांच्या घरादारांचा त्याग आहे. पाण्याचा हिशेब ढिला राहिला, तर पुढचे धरण आणि पुढचे कुर्डी कोणाच्या वाट्याला येईल, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा.

पाऊस आपल्या हाती नाही, हिशेब आपल्या हाती आहे. तो नीट ठेवण्याची बुद्धी श्रींनी आपणा सर्वांस द्यावी, अशी श्रीचरणी प्रार्थना करतो.